टीव्हीकडे पाठ करून ऐका

ठाण्यापुढच्या दिवा गावात तेव्हा पाणी नव्हतं, धड रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता. रॉक संगीताचा निवेदक मात्र होता.

हे वाक्य मी एकदा पत्रकात लिहिलेलं आणि आमच्या पाणी संघर्ष समितीने ते खोडलेलं. म्हणे पत्रकात विनोद नको, लोक मोर्चाला गंभीरपणे घेत नाहीत. यात विनोद कुठे होता? जे होतं ते लिहिलेलं.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. केबल नुकती आलेली. आमच्या केबलवाल्या शेठचा स्वतःचा एक चॅनल होता. दुपारी एक पिक्चर, रात्री एक पिक्चर. मधल्या वेळात पडद्यावर काय दाखवायचं हा प्रश्न त्या काळी बऱ्याच केबलवाल्यांना पडायचा आणि उत्तर एकच सुचायचं. फिशटँक. काचेची पेटी ठेवायची, तिच्यापुढे कॅमेरा लावायचा, मागे गाणी सोडायची. आमच्या शेठच्या पेटीत चार सोनेरी मासे होते आणि काठोकाठ स्वच्छ पाणी होतं. ते पाणी दर रविवारी बदलत. ज्या वस्तीत माणसं एक दिवसाआड आंघोळ करत होती, त्या वस्तीला रोज संध्याकाळी तासन्‌तास पाणी दाखवलं जायचं. कुणाला राग आला नाही. बायका म्हणायच्या, "मासे छान आहेत हो."

संध्याकाळी सहा ते सात हा तास काकांचा.

अख्खं दिवा त्यांना काकाच म्हणायचं. शहाडच्या एका कारखान्यात फिटर. पहिली पाळी करून चारला घरी, साडेपाचला शेठच्या पोटमाळ्यावर. पंचेचाळिशीचे, खाडीकाठच्या कोळी घरातले, अंगाने काठी. केस मानेवर रुळणारे. कारखान्यात ते टोपीत कोंबावे लागत, म्हणून टोपीवर त्यांचा राग. शेठचा गाणी लावणारा माणूस काम सोडून गेला तेव्हा काका स्वतः जाऊन उभे राहिले. पगार नको म्हणाले. शेठने ताबडतोब होकार दिला. फुकट मिळणाऱ्या माणसात कला ओळखायला वेळ लागत नाही.

काकांच्या मते हा रेडिओ होता. पडद्यावर मासे फिरताहेत, घरात टीव्ही चालू आहे, तरी रेडिओ. रोज सहा वाजता त्यांचा आवाज यायचा, खर्जातला, सावकाश: "नमस्कार, दिवा. आपण रॉक रेडिओ ऐकताय. टीव्हीकडे पाठ करा."

आणि लोक करायचे! मी स्वतः पाहिलंय. तळमजल्याच्या खोल्यांमध्ये आजोबा खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसलेले.

पुढे गाणं लागेल म्हणून वाट बघावी तर लागायचं नाही. आधी वाजवणाऱ्यांची नावं. गाणारा कोण हे शेवटी, तेही घाईघाईत. आधी ड्रमवर कोण, गिटारवर कोण, तो डावखुरा आहे की उजवा, रेकॉर्डिंगला कोण बसलेला, कॅसेट कुणाकडून आली, मध्ये पाऊण मिनिट खरखर का आहे. "गाणाऱ्याकडे लक्ष देऊ नका, त्याला सगळेच ऐकतात," ते म्हणायचे. "खालचा आवाज ऐका. खालचा आवाज थांबला तर वरचा तोंडावर पडेल." खालचा आवाज म्हणजे बास गिटार. हा शब्द त्यांनी दिव्यात कधी वापरला नाही. लोकांना खालचा आवाज कळायचा.

ही नावं त्यांना कुठून मिळत? त्यांच्या कॅसेटी सगळ्या उसन्या-पासन्या. काही परदेशी स्टेशनवरून टेप केलेल्या, काही बोटीवर काम करणाऱ्या मेव्हण्याने आणलेल्या. कव्हरच नसायचं. म्हणून सुट्टीच्या दिवशी ते मुंबईत जुन्या रेकॉर्डींच्या दुकानात उभे राहून कव्हरांच्या पाठीवरची बारीक अक्षरं शाळेच्या वहीत उतरवून घेत. दुकानदार हाकलायचा, पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर. ज्या गाण्यातल्या एका जरी वाजवणाऱ्याचं नाव राहिलं असेल ते गाणं ते लावत नसत. घरात दोनेकशे गाणी होती. नावं पूर्ण होती ती फक्त चाळीसेक गाण्यांची. दोन वर्षं दिव्याने तीच चाळीस गाणी ऐकली.

आणि कुणी ऐकली? मला आधी वाटायचं, कॉलेजची पोरं ऐकत असतील. छे. पोरांना हिंदी गाणी हवी होती. काकांचे खरे श्रोते टँकरच्या रांगेत होते. टँकर सहाला यायचा. तळमजल्याची दारं उघडी, टीव्ही मोठ्याने चालू, आणि दारांसमोरून कळश्या-कॅनची रांग. तासभर उभं राहायचं तर कान तरी कुठे ठेवणार? त्या बायकांना हळूहळू सगळं पाठ झालेलं. दोन मोठी गाणी झाली की आपला नंबर येतो, असा हिशोब. भाजीवाली मावशी एकदा मला विचारते, "आज डावखुरा नाही का गं लावला? त्याच्यात माझे दोन कॅन भरतात."

काकांचं आधीचं आयुष्यही असंच. तरुणपणी ते बेंजो पार्टीत होते. आमच्याकडे हळदीला बेंजो लागतोच. काका त्यात गिटार वाजवायचे. ती गिटार होड्या बनवणाऱ्या सुताराकडून करून घेतलेली, वजनाला वल्ह्यासारखी. एका हळदीत त्यांनी मध्येच माइक घेतला आणि वाजवणाऱ्यांची नावं सांगायला सुरुवात केली. बेंजोवर अमका, ढोलकीवर तमका, खुळखुळ्यावर फलाणा. इथवर ठीक होतं. मग म्हणाले, "जनरेटरवर," आणि मागे अंधारात बसलेल्या जनरेटरवाल्याचं नाव, त्याच्या बापाच्या नावासकट. नवऱ्याचा मामा खवळला.

"ए, लग्न कुणाचं हाय? नवऱ्याचं नाव घे की!"

"नवरा काय वाजवतो?" काकांनी विचारलं.

त्यानंतर त्यांना हळदीला कुणी बोलावलं नाही. मुंबईत रेडिओ केंद्रावर निवेदक व्हायला आवाजाची चाचणीही दिलेली. मराठीवाल्यांनी सांगितलं, आवाज छान, उच्चार खाडीचे. इंग्रजीवाल्यांनी आवाजही ऐकला नाही. इतकं सगळं होऊन पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांना एक तास मिळालेला, ज्यात कुणी "दुसरं लाव" म्हणणार नव्हतं. त्या तासासाठी ते पाळी बदलून घ्यायचे नाहीत, लग्नाकार्याला जायचे नाहीत, ताप असला तरी यायचे. काकी दिवा स्टेशनबाहेर मासळी विकायच्या. त्या म्हणायच्या, "टीव्हीत मासं दाखवतंय नि बायकोची टोपली कोण बघंल? पण नाय बोलत मी. त्या एका तासावर मानूस सरळ चालतंय."

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि समितीची पत्रकं लिहायचे. चांगली लिहायचे. "दिवावासीयांनो, जागे व्हा! निगरगट्ट यंत्रणेच्या छाताडावर बसून पाण्याचा थेंब न् थेंब वसूल केल्याशिवाय आम्ही स्वस्थ बसणार नाही!" असं. वॉर्ड ऑफिसवर मंगळवारी मोर्चा ठरला तेव्हा माझ्या डोक्यात आलं, टँकरच्या रांगेला जे ऐकू येतं त्यावरच मोर्चाची हाक द्यायची. शनिवारी पत्रक घेऊन पोटमाळ्यावर गेले.

काकांनी चष्मा लावला. पत्रक वाचलं. पुन्हा वाचलं.

"यात मानसं कुठं हायत?"

"म्हणजे?"

"'भ्रष्ट प्रवृत्ती', 'निगरगट्ट यंत्रणा', 'पाणीचोर टोळी'. टोळीत कोण कोण? प्रवृत्ती चावी फिरवायला येते काय सकाळची?"

"काका, हे पत्रक आहे. पत्रकात असंच लिहितात."

"मग हे गाणं लागणार नाय. नावं आन."

मी भडकले. म्हटलं, "घाबरता तुम्ही! शेठला घाबरता! दोन वर्षं परक्या देशातल्या ड्रमवाल्याचं नाव घेताय, आणि इथे बायका कॅन घेऊन उभ्या आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी वाचवत नाहीत?"

ते चिडले नाहीत. त्यांनी पत्रकाची नीट घडी घालून परत दिली. "भांडू नको. पानी कोन सोडतो, कोन अडवतो, टँकर कुठं भरतो, कागदावर सही कुनाची. एवढं आन. मी वाचतो."

"टँकर कुणाचा आहे माहितीये ना तुम्हाला?"

"हाय ना. शेठचा." ते कॅसेट पुसत होते. "त्याचं बी आन. बापाच्या नावासकट."

दिव्यातले टँकर केबलवाल्या शेठचेच होते, हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्या एकाही पत्रकात ते नव्हतं. ते बदनामीचं प्रकरण होईल असं आमचं ठरलेलं होतं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, आठवत नाही.

दोन दिवस मी नावं गोळा करत फिरले. आयुष्यात पहिल्यांदा मी पाण्याची लाईन पायी चालले. चावीवाला भेटला, व्हॉल्व्ह उघडबंद करणारा, कंत्राटावरचा गरीब माणूस. मला वाटलेलं, अंगावर येईल. तो तर बोलायला टेकलाच होता. इतकी वर्षं त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. कुणाच्या सांगण्यावरून तो मोठी लाईन दहा मिनिटांत बंद करतो, टँकर कुठल्या नळावर भरतात, परवानगीवर कुणाची सही आहे, सगळं सांगितलं. आणि जाता जाता म्हणाला, "तुमच्या अध्यक्षांच्या लायनीला पहाटे चारला अर्धा तास. ते तर माहितीच असंल."

मला माहीत नव्हतं. आमच्या समितीचे अध्यक्ष म्हणजे ज्यांच्या घरी सगळ्या बैठका व्हायच्या. बैठकीला चहा. पाणी आलं नाही त्या दिवशीही चहा. दोन वर्षं मी तो चहा पीत पीत टंचाईवर पत्रकं लिहिली. चहाला पाणी लागतं एवढं पत्रक लिहिणाऱ्या बाईला सुचू नये?

मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी नाकारलं नाही. म्हणाले, "आई अंथरुणाला खिळलेली आहे, तुला माहितीये. आणि हे बघ, मोर्चा उद्यावर आलाय. आत्ता आपापसात फूट पडली तर फायदा कुणाला? शेठलाच ना? व्यापक हित बघ. मोर्चा होऊ दे, मग मी स्वतः ती लाईन तोडतो."

व्यापक हित. हा शब्द मी किती पत्रकांत घातलेला! तो माझ्यावर पहिल्यांदाच कुणी वापरला आणि लगेच लागू पडला. यादीत एक नाव कमी करून मी ती सोमवारी पाचला काकांना दिली.

सहा वाजता मी रांगेत उभी होते. टँकर लागलेला. दारादारांतून आवाज आला. "नमस्कार, दिवा. आपण रॉक रेडिओ ऐकताय. टीव्हीकडे पाठ करा. आज पहिलं पानी. हे आपल्याकडं रोज वाजतं, पन वाजवनाऱ्यांची नावं कधी सांगितली नाहीत. ती चूक माझी. चावीवर..." आणि चावीवाल्याचं पूर्ण नाव. मग सही करणाऱ्या साहेबांचं. मग टँकर भरायच्या जागेच्या मालकाचं. "टँकरचा ड्रायव्हर..." आमच्यासमोर पाइप हातात धरून उभा असलेला ड्रायव्हर दचकला, आणि नाव आल्यावर चक्क लाजून हसला. बायकाही हसल्या. "आणि खालचा आवाज," काका थांबले. रांगेत कळशी वाजली नाही. "खालचा आवाज, ज्याच्यावर हे सगळं उभं हाय, ते आपले शेठ." पूर्ण नाव. बापाच्या नावासकट. "मोर्चा उद्या दहाला. आता गाणं."

गाणं सुरू झालं. काका माइक बंद करायला विसरले, की मुद्दाम चालू ठेवला, ठाऊक नाही. जिन्यावरची पावलं ऐकू आली. गिटारच्या खालून शेठचा आवाज, शांत: "काका. माझ्याच पोटमाळ्यावर बसून?"

"दुसरा पोटमाळा नाय माझ्याकडं."

"माणूस चांगला आहेस. उद्यापासून येऊ नको."

"बरं. हे संपू दे."

शेठ थांबला. खरंच थांबला. सात मिनिटांचं गाणं होतं, पूर्ण वाजलं. त्या सात मिनिटांत रांग पुढे सरकली नाही; ड्रायव्हरने पाणीच सोडलं नाही. मग खट् झालं आणि दारादारांत मासे आवाजाशिवाय फिरायला लागले.

काका वहीची पिशवी खांद्याला लावून खाली आले. रांगेतल्या बायकांनी वाट दिली. माझ्यासमोर थांबले. एवढंच विचारलं, "नावं सगळी आली ना?"

"हो," मी म्हणाले.

"मग ठीक."

मंगळवारी मोर्चाला आमच्या अंदाजाच्या तिप्पट माणसं आली. बहुतेक रांगेतल्याच बायका. काकांनी कारखान्यात रजा टाकलेली. मेगाफोन त्यांच्याकडे दिला. त्यांनी वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्यांवर उभं राहून तीच यादी पुन्हा वाचली, तितकीच सावकाश. प्रत्येक नावाला टाळ्या. अध्यक्ष माझ्या शेजारी उभे राहून टाळ्या वाजवत होते.

यादी संपली आणि गर्दीतून चावीवाला उठला.

"काका, माझं घेतलंत, घ्या. चावी मीच फिरवतो. पण पहाटे चारला कुणाच्या लायनीला फिरवतो ते का नाय वाचत?"

काकांनी कागद उलटा करून मागे पाहिलं. मागे काही नव्हतं. मग माझ्याकडे पाहिलं. मेगाफोन चालूच होता.

"राहिलंय का गो काय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. अध्यक्षही. मी म्हणाले, "काका, नंतर बोलू."

ते मेगाफोनमधून सगळ्यांना ऐकू गेलं. काकांनी बटण बंद केलं, पट्टा नीट गुंडाळला आणि मेगाफोन माझ्या हातात दिला. निघून गेले असते तर बरं झालं असतं. ते गेले नाहीत. खाली उतरून बायकांमध्ये जाऊन बसले, उन्हात, शेवटपर्यंत. अध्यक्षांचं भाषण झालं, फार छान झालं. साहेबांनी निवेदन घेतलं.

महिन्याभराने सकाळी एक तास पाणी यायला लागलं. शेठचे टँकर पुढच्या वस्तीत गेले. तिथे अजून समिती नव्हती. सहा ते सातला माशांमागे भक्तिगीतं लागली. सही करणारे साहेब होते तिथेच राहिले. अध्यक्षांची लाईनही होती तिथेच राहिली, कारण आता सगळ्यांनाच पाणी आहे, मग जुनं कशाला उकरायचं? शिक्षा एकालाच झाली. चावीवाल्याला लांब माजिवड्याच्या लायनीवर टाकलं, आणि तिथून पुढच्याच महिन्यात घरी बसवलं. एवढा मोठा लढा, कुणाला तरी पाडल्याशिवाय यशस्वी कसा म्हणायचा?

मी विजयाचं पत्रक लिहिलं. स्टेशनबाहेरच्या बाजारात वाटत होते. काकींच्या टोपलीपाशी काका बसलेले, रविवार होता. मी पत्रक पुढे केलं आणि लगेच वाटलं, करायला नको होतं. त्यांनी चष्मा लावला. खाली शेवटची ओळ होती: या लढ्यात साथ देणाऱ्या सर्व ज्ञात-अज्ञात कार्यकर्त्यांचे आभार.

"यातले अज्ञात कोन?"

"काका, तशी पद्धत असते."

"असंल. पन मला तर सगळे म्हायती हायत." त्यांनी हात पुढे केला. "पेन दे."

पत्रक उलटं करून गुडघ्यावर ठेवून ते लिहायला लागले. चावी: चावीवाल्याचं पूर्ण नाव. बॅटरी: मेगाफोनची बॅटरी डोक्यावर घेऊन चाललेली भाजीवाली मावशी. रांग: इथे काकी नावं सांगत गेल्या, कोयता चालवता चालवता, आणि ते लिहीत गेले. सतरा-अठरा बायका. पहाटेचं पाणी: अध्यक्ष. ते त्यांनी मला न विचारता लिहिलं, बापाच्या नावासकट. स्वतःचं नाव लिहिलं नाही. त्यांच्या हिशोबी निवेदक काही वाजवत नाही.

मग लिहिलं, 'पत्रक:', आणि मान वर केली.

"तुझं पूर्न नाव काय गो? इतके दिवस पोरी पोरीच म्हनतोय."

बाजाराच्या तोंडाशी अध्यक्ष लोकांशी हात मिळवत उभे होते. दोन वर्षांत मी एकाही पत्रकाखाली सही केलेली नव्हती.

"समिती लिहा ना," मी म्हणाले.

काकींचा कोयता थांबला. काकांनी 'पत्रक:'पुढची जागा कोरीच ठेवली. मग टोपण लावून त्यांनी पेन मला परत दिलं.